तुमचं मटण काय खात होतं?

मटणाच्या दुकानात गेलं की आपल्यातला प्रत्येक जण एकदम एक्सपर्ट होतो. कोवळं आहे ना? आजचंच आहे ना? चाप द्या दादा, थोडी मांडी, नळी विसरू नका, चरबी बेताचीच. मग घरी कुणी बोट लावून बघणार, कुणी वास घेणार, आणि जेवताना ‘मागच्या वेळचं जास्त छान होतं, नाही?’ हा डायलॉग ठरलेला. मागच्या वेळचं का छान होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. ‘मसाला’ किंवा ‘नशीब’ यांपैकी एक उत्तर मिळतं आणि विषय सोलकढीकडे वळतो.

आता याच मंडळींचं स्वतःचं डाएट बघा. आमच्या टीममधल्या एकाला त्याच्या शेकमध्ये किती ग्रॅम प्रोटीन आहे ते पाठ आहे. दुसरी रोज सॅलडवर जवसाची पूड भुरभुरवते, ओमेगा-थ्रीसाठी. जसा आहार तसं शरीर, हा फंडा आपल्याला पक्का पटलेला आहे. मग मेंढीला तो लागू नाही का? तिचं मांस, तिची चरबी आणि त्या चरबीचा वास ती जे चरते त्यातूनच तयार होतो. पण ‘हिने काय खाल्लं होतं?’ असं दुकानात विचारताना मी आजवर कुणालाही ऐकलेलं नाही.

हा प्रश्न अगदी सिरियसली विचारणारा माणूस मला भेटला तो वर्धा जिल्ह्यात. गंमत म्हणजे तो स्वतः मटण खात नाही.

फवारा कधी मारला?

माझा मामा हिंगणघाट तालुक्यात कापूस आणि तूर करतो. संक्रांतीला जोडून सुट्टी मिळाली म्हणून मी तिकडे गेले होते. कापसाचा शेवटचा वेचा झालेला, शेतात पऱ्हाट्या उभ्या. पानं अजून हिरवी, मधूनमधून न उमललेली बोंडं. अशा वेळी या भागात काठेवाडी येतात. गावातले लोक त्यांना याच नावाने ओळखतात. मूळचे कच्छ-काठेवाडकडचे हे रबारी पशुपालक. पांढऱ्या कपड्यातले पुरुष, काळ्या ओढणीतल्या बाया, उंटांवर लादलेला संसार आणि मागे मेंढ्यांचा समुद्र. पण त्यांना पाहुणे समजू नका. कित्येक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या विदर्भातच फिरताहेत, नवी पिढी इथेच जन्मलेली आहे आणि मामापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलते.

त्या दिवशी एक वयस्कर रबारी भाई मामाशी बोलायला आले होते. मेंढ्या शेतात बसवायच्या होत्या. बसवणं म्हणजे रात्रभर कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा. मेंढ्यांना चारा मिळतो, जमिनीला लेंडीखत आणि मूत मिळतं, आणि शेतकरी रात्रीच्या हिशेबाने धान्य किंवा रोख देतो. मला वाटलं, आता पैशांची घासाघीस होणार. पण भाईंचा पहिला प्रश्न होता, ‘भाऊ, फवारा कधी मारला?’

मामाने सांगितलं. पुढचा प्रश्न, ‘औषध कोणतं होतं?’ मग, ‘धुऱ्यावर तणनाशक मारलं काय?’ मग, ‘तिकडे सोयाबीन काढली तिथं दाणा सांडला हाये काय?’ मामा एकेकाचं उत्तर देत होता आणि मी ऐकत होते. जॉब इंटरव्ह्यूत एचआर एवढं खोदून विचारत नाही.

मागच्या हंगामात त्यांच्या ओळखीतल्या एका कळपाने नुकत्याच फवारलेल्या शेतात तोंड घातलं होतं. मेंढ्यांच्या तोंडातून लाळ, अंगाला थरथर, श्वास लागलेला. डॉक्टर येईपर्यंत काही आडव्या झाल्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची हीच लक्षणं असतात आणि त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळावं लागतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवत असेल. जे माणसाला झेपत नाही ते तीस किलोच्या मेंढीला काय झेपणार?

मामाला मेंढ्या हव्या असतात, त्यामागे खताशिवाय आणखी एक कारण आहे. त्याच 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस आतून पोखरला होता. ही अळी शेवटी राहिलेल्या बोंडांमध्ये मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामाला हजर होते. म्हणून कापूस संशोधकांचा सल्ला असतो की फरदड घेऊ नका, म्हणजे पाणी देऊन पीक पुढे लांबवू नका, आणि वेचणी संपली की शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा. त्या उरलेली बोंडं अळीसकट फस्त करतात. फुकटचं पेस्ट कंट्रोल!

आता ‘बीटी’चा प्रश्न येणारच. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2006 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वरंगळ जिल्ह्यात मेंढपाळांनी सांगितलं की बीटीच्या शेतात चरून मेंढ्या मेल्या. देशभर गाजलं ते प्रकरण. केंद्राच्या जीईएसी या समितीने बीटीशी संबंध सिद्ध होत नसल्याचं म्हटलं. फवारलेली कीटकनाशकं आणि झाडातलं नायट्रेट यांच्यावरही तेव्हा संशय होता. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करतं आणि मेंढीचं खरं जठर आम्लधर्मी असतं, हे शास्त्र आपल्या जागी बरोबर आहे. पण वरंगळच्या त्या मेंढ्या कशाने मेल्या याचं समाधानकारक उत्तर मेंढपाळांना मिळालं नाही, हेही तितकंच खरं. भाई जनुकशास्त्राच्या वादात पडत नाहीत. ते फवाऱ्याची तारीख विचारतात.

पोटातलं आंबवण्याचं भांडं

सोयाबीनच्या सांडलेल्या दाण्याची एवढी भीती कशाला? दाणा म्हणजे पौष्टिक ना? ही शंका मी शाळेतल्या मैत्रिणीला विचारली. ती आता पशुवैद्यक आहे, नागपूरला शिकली आणि सध्या गावोगाव बाईक दामटत फिरते.

तिचं उत्तर मला फार आवडलं. म्हणाली, मेंढीला जेवू घालणं म्हणजे मेंढीला नाही, तिच्या पोटातल्या जंतूंना जेवू घालणं. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवत-पाला आंबवत बसलेले असतात, जसं आपल्याकडे रात्रभर इडलीचं पीठ आंबतं. त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर मेंढीची ऊर्जा चालते, आणि पुढे गेलेले सूक्ष्मजीव स्वतःच पचून तिचं प्रोटीन होतात. साध्या काडी-कचऱ्यातून 100 ग्रॅमला 18 ते 20 ग्रॅम प्रोटीन असलेलं मटण तयार होतं ते असं. आपल्या जिमवाल्यांना एवढा कारखाना जमलेला नाही!

पण हे जंतू फार हट्टी. चाऱ्यावर पोसलेली फौज वेगळी, धान्यावर पोसलेली वेगळी. बदल करायचा तर दोन-तीन आठवडे हळूहळू करावा लागतो. एकदम पोटभर दाणा मिळाला तर तो भराभर आंबतो, कोटीपोटात लॅक्टिक ॲसिडचा पूर येतो, मेंढी चरायची थांबते, पोट फुगतं, आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर ती दगावते. म्हणजे सर्वांत पौष्टिक वाटणारी गोष्ट चुकीच्या स्पीडने दिली तर विष. क्रॅश डाएट करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

सरकीचंही तसंच. कापसाच्या बीमध्ये गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या मेंढीच्या कोटीपोटात त्याचा बराचसा भाग प्रथिनांना बांधला जाऊन निष्प्रभ होतो, म्हणून बोंडं आणि सरकी ढेप तिला बेताने चालते. पण दूधपित्या कोकराचं कोटीपोट अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे त्याच्यासाठी तीच ढेप धोक्याची. म्हणून भाईंची लहान कोकरं पऱ्हाटीत जातच नव्हती. ती डेऱ्यावर, बाजेच्या सावलीत, बायांच्या देखरेखीखाली.

आणि गाभण मेंढी? तिचा काळ साधारण पाच महिन्यांचा. पोटातल्या पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या त्याच काळात चारा कमी पडला तर ती स्वतःच्या अंगावरची चरबी जाळायला लागते, आणि पोटात जुळी असतील तर तिच्या रक्तात कीटोन साठून ती आजारी पडते. हो, तेच कीटो, ज्यासाठी आपण पैसे मोजतो. मेंढीला ते परवडत नाही. त्यामुळे डेऱ्यावर तुरीचा पाला आधी गाभण मेंढ्यांसमोर पडतो आणि मग बाकीच्यांसमोर.

वर्ध्याचं मेनूकार्ड

आपण वर्षभर एकाच कॅन्टीनमध्ये जेवतो. वर्ध्यातल्या मेंढीचा मेनू मात्र महिन्यागणिक बदलतो, आणि तो शेतकरी काय पेरतो त्यावर ठरतो. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी. त्याच सुमारास तूर निघते, मग तुरीचा पाला, शेंगांची टरफलं, कुटार. हा सगळ्यात भारी काळ, कारण तुरीच्या पाल्यात प्रोटीन चांगलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू निघतो आणि मोकळ्या रानात वेचायला पुष्कळ काही उरतं. हरभऱ्याच्या रानातून निघालेला कळप लांबूनच ओळखू येतो, अंगावर तकाकी असते.

मग येतो तो वर्ध्याचा कुप्रसिद्ध उन्हाळा. पारा 45 च्या वर, जमिनीला भेगा, गवताच्या नावाने पिवळी काडी. उन्हाने मेंढी चरणं कमी करते आणि पाण्यासाठी चालणं वाढतं, म्हणजे उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला. या दिवसांत तिला तारते ती बाभूळ. भाई लांब काठीला बांधलेल्या आकड्याने फांदी हलवतात आणि खाली शेंगांचा सडा पडतो. बाभळीच्या शेंगेत साधारण 10 ते 13 टक्के प्रोटीन असतं, शिवाय टॅनिन. तुरट चवीचं हे टॅनिन चहातही असतं. ते बेताचं पोटात गेलं तर पोटातल्या जंतांना थोडा आळा बसतो आणि प्रोटीन कोटीपोटात वाया न जाता पुढे आतड्यात पोचतं. फार झालं तर भूक मरते.

पावसाळा आला की आपल्याला वाटतं, आता मेंढ्यांची चंगळ. उलट तोच सर्वांत कठीण. सगळी शेतं पेरलेली, त्यामुळे चरायला उरतात ती गायरानं, माळ आणि रस्त्याच्या कडा. काळ्या मातीचा चिखल खुरांत अडकून पाय सडतात. पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर मेंढी अधाशासारखी तुटून पडते आणि आंत्रविषार होतो. आतड्यात एरवी गुपचूप राहणारे जिवाणू अचानक मिळालेल्या खाद्यावर फोफावतात आणि विष सोडतात. संध्याकाळी बरी असलेली मेंढी सकाळी मेलेली सापडते, आणि बहुतेकदा कळपातली सर्वांत धष्टपुष्टच. त्याची लस पावसाळ्याआधी द्यायची असते. आपल्या पुण्यात औंधला शासनाची पशुवैद्यकीय लसी बनवणारी संस्था आहे. जंतांचा जोरही याच दिवसांत असतो. रक्त पिणारे गोलकृमी वाढले की मेंढीच्या पापणीची आतली बाजू लालऐवजी पांढरी पडते. भाईंना चालत्या मेंढीला थांबवून पापणी उलटवून बघताना मी पाहिलं. जेमतेम दोन सेकंद लागले. आपली हिमोग्लोबिनची रिपोर्ट यायला एक दिवस जातो.

या मेनूतले पदार्थ आता कमी होत चालले आहेत. तणनाशकामुळे धुऱ्यावर गवत राहत नाही. तणनाशक सहन करणारं, मंजुरी नसलेलं कापूस बियाणं विदर्भात गेली काही वर्षं सर्रास पेरलं जातंय, त्यामुळे दोन ओळींमधली जमीनही स्वच्छ. शेतकऱ्याचा निंदणीचा खर्च वाचतो, त्याला दोष देणं सोपं नाही. माझा मामाही फवारतो. पऱ्हाटी उपटण्याऐवजी ट्रॅक्टरच्या यंत्राने तिथेच बारीक करून जमिनीत गाडायची पद्धत वाढते आहे. ती मातीसाठी चांगली, पण मेंढीचं जानेवारीचं ताट उचललं जातं. सेलू तालुक्यातल्या बोर अभयारण्याला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि तिथल्या जंगलात चराई नाही. सेलूकडूनच समृद्धी महामार्ग जातो, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला. पलीकडच्या रानात जायचं तर कळपाला आधी भुयारी रस्ता शोधावा लागतो.

वास येतो, तो कुठून?

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे ताटातली. आपल्याकडे मटण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बोकड असतो. 2019 च्या पशुगणनेत देशात शेळ्या होत्या 14.89 कोटी आणि मेंढ्या 7.43 कोटी. दोन्ही ‘मटण’ याच नावाने विकलं जातं. ‘मेंढीच्या मटणाला वास येतो’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी नकळत ते कितीतरी वेळा चाटूनपुसून खाल्लेलं असतं. सावजीच्या तर्रीपुढे कुठला प्राणी होता हे सांगायची कुणाची हिंमत आहे?

पण वास हे थोतांड नाही. मेंढीच्या चरबीत काही विशिष्ट फॅटी ॲसिड असतात, 4-मिथाइल ऑक्टॅनॉइक हे त्यातलं मुख्य. ‘मेंढीचा वास’ म्हणतात तो बऱ्याच अंशी याचा. नर जितका मोठा, जितका वयस्कर, तितकं ते जास्त. आणि इथे डाएट येतं. धान्य जास्त खाल्लं की कोटीपोटात प्रोपिओनेट वाढतं आणि या फॅटी ॲसिडांना खतपाणी मिळतं. भरपूर धान्यावर झटपट वाढवलेल्या कोकरांची चरबी मऊ, तेलकट होऊ शकते, तीही याच कारणाने. उलट हिरव्या, प्रोटीन जास्त असलेल्या चाऱ्यावर स्कॅटोल नावाचं द्रव्य वाढतं, ज्याला रानटी, ‘गवताळ’ असा वेगळाच वास. म्हणजे बिनवासाची मेंढी नसतेच. कुठला वास आपल्याला लहानपणापासून सवयीचा आहे, एवढाच प्रश्न. अमेरिकेत धान्यावर वाढवलेलं लॅम्ब आवडणाऱ्या अनेकांना न्यूझीलंडचं गवतावरचं लॅम्ब उग्र वाटतं, आणि तिकडच्यांना अमेरिकेचं मिळमिळीत.

ओमेगा-थ्रीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. हिरव्या गवतातल्या स्निग्धांशात निम्म्याहून जास्त वाटा लिनोलेनिक ॲसिडचा असतो, म्हणजे तुमच्या जवसातलंच ओमेगा-थ्री. पण कोटीपोटातले ते हट्टी जंतू त्यातलं जवळपास 90 टक्के मोडून साध्या सॅच्युरेटेड फॅटमध्ये बदलतात. जे थोडं निसटतं ते मांसात उतरतं. त्यामुळे हिरव्या चाऱ्यावरच्या मेंढीत धान्यावरच्यापेक्षा ओमेगा-थ्री जास्त भरतं, हे खरं. पण म्हणून मटण म्हणजे बांगडा नव्हे. कुणी ‘ग्रास-फेड’चं लेबल लावून दुप्पट भाव सांगितला, तर चवीसाठी घ्या, हृदयाच्या औषधासारखं नको.

हिरव्या चाऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे व्हिटॅमिन ई. ते मांसात असलं की लाल रंग जास्त वेळ टिकतो आणि चरबी लवकर खवट होत नाही. वाळलेल्या काडीत ते फारसं नसतं. म्हणजे मे महिन्यातलं मटण लवकर काळपट पडलं तर दर वेळी दुकानदाराच्या फ्रीजला शिव्या घालू नका. चरबीच्या रंगाची मात्र एक गंमत आहे. गवत खाणाऱ्या गाईची चरबी पिवळसर होते, मेंढीची बहुधा पांढरीच राहते. त्यामुळे ‘पिवळी चरबी म्हणजे अस्सल गवतावरची’ असं कुणी पटवायला लागलं तर फसू नका. मेंढीत पिवळी चरबी दिसली तर कावीळ असल्याची शंका आधी घ्यावी.

शेवटचं जेवण तर सर्वांत महत्त्वाचं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा असतो. कापल्यानंतर त्याचं लॅक्टिक ॲसिड होतं, मांसाचा पीएच 5.6 च्या आसपास येतो, आणि ते मऊ, तजेलदार आणि टिकाऊ राहतं. मेंढी उपाशी, ट्रकमध्ये रात्रभर उभी, घाबरलेली असेल तर तो साठा आधीच संपतो. पीएच 6 च्या वर राहतो, मांस गडद, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. वर्षभर तुरीचा पाला खाऊन कमावलेलं एका रात्रीच्या प्रवासात जातं.

जगात काही ठिकाणी लोक मेंढीच्या ताटावरून तिचा भाव करतात. फ्रान्समध्ये मों सें-मिशेलच्या खाडीत भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खारट कुरणांवरची कोकरं त्या कुरणाच्या नावाने विकली जातात. स्कॉटलंडच्या उत्तरेला नॉर्थ रोनाल्डसे नावाच्या बेटावर तर 1832 मध्ये बेटाभोवती भिंत घालून मेंढ्यांना समुद्राच्या बाजूला ठेवलं. तेव्हापासून त्या मुख्यतः समुद्री शेवाळ खातात. शेवाळात तांबं कमी, म्हणून त्यांचं शरीर तांबं ओढून घेण्यात इतकं तरबेज झालंय की साध्या गवतावर ठेवलं तर त्यांना तांब्याची विषबाधा होण्याचा धोका असतो. तांब्याच्या बाबतीत मेंढी मुळातच नाजूक. गाईचं किंवा कोंबडीचं खनिज मिश्रण तिला घालणं म्हणूनच महागात पडतं.

तुरीवरची, बाभळीवरची, हरभऱ्यावरची मेंढी असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले आणि शेळीच्या दुधापासून कच्च्या भाज्यांपर्यंत आहाराचे प्रयोग करत राहिले. अन्नाचा इतका कीस पाडलेल्या जिल्ह्यात एवढं तरी व्हायला हरकत नव्हती!

हाताने तोललेला भाव

भाव कसा ठरतो ते मी डेऱ्यावर पाहिलं. हिंगणघाटवरून नागपूर-हैदराबाद हायवे जातो, आणि हैदराबाद म्हणजे मटणाची मोठी बाजारपेठ. तेलंगण सरकारने 2017 मध्ये मेंढपाळ कुटुंबांना 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 नर द्यायची योजना आणली, तेव्हा त्यांनी शेजारच्या राज्यांतूनही मेंढ्या उचलल्या. 2019 च्या पशुगणनेत 1.91 कोटी मेंढ्यांसह तेलंगण देशात पहिलं होतं. अशा दोन्ही बाजूंच्या मागणीत व्यापारी थेट डेऱ्यावर येतात.

त्या दिवशी आलेला व्यापारी तरुण होता, कानाला इअरफोन. तराजू नव्हता. त्याने एका नराचं तोंड उघडून दात पाहिले. दुधाचे असले की वर्षाच्या आतला, दोन मोठे दात आले की वर्ष-दीड वर्षाचा. मग कमरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून मांस चाचपलं. मैत्रिणीने नंतर सांगितलं की पशुवैद्यकही मेंढीची तब्येत अशीच बोटांनी मोजतात, 1 ते 5 मार्क देतात. कळप कशावर चरतोय, शेवटचं औषध कधी दिलं, फवारलेल्या रानात गेला होता का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. त्याच्या गिऱ्हाइकाने त्याला कधी विचारलेलं नसणार.

मीच भाईंना विचारलं, ‘काका, कुठल्या महिन्यातलं मटण सगळ्यात चांगलं लागतं?’

ते हसले. ‘ताई, मी तं खातच नाही. मला काय मालूम चव?’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण जनावर कधी खुश असते ते मालूम हाये. हरभरा निघते तेव्हा.’

व्यापाऱ्याने पाच नर बाजूला काढले होते. भाईंनी त्यातल्या दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघांना परत कळपात ढकललं. नुकतेच पऱ्हाटीवर आलेत, अजून भरले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. व्यापाऱ्याने थोडा भाव वाढवून पाहिला.

‘हरभरा निघू दे, मंग ये,’ भाई म्हणाले.

तो उरलेले तीन गाडीत चढवून हायवेच्या दिशेने गेला. मामाने फवाऱ्याची बरोबर तारीख वहीत पाहिली आणि भाईंना शेताच्या दक्षिणेकडचा तुकडा चार दिवस टाळायला सांगितला. रात्री मेंढ्या उत्तरेकडच्या पऱ्हाटीत बसल्या.